कुत्र्याला काय घालावं : बऱ्हाणपूरकर नवशिक्यांसाठी

सर्वप्रथम, कुत्र्याला विचारू नका. त्याचं उत्तर 'हो' आहे. शेवभाजीला हो, साबुदाण्याच्या खिचडीला हो, मुलाच्या गृहपाठाच्या वहीला हो आणि शेजाऱ्यांच्या चपलेलाही हो. ज्याचं मत घेऊन काहीच कळत नाही असा घरात तो एकटाच आहे. बाकी सगळ्यांना मतं आहेत, ठाम आहेत, आणि ही मार्गदर्शिका खरं तर त्यांच्यासाठीच आहे.

लागणारं साहित्य : एक कुत्रा, एक जड बुडाचं स्टीलचं भांडं, स्वयंपाकघरातला ग्रॅमचा काटा आणि एक वही. वहीचं काम पुढे येईल. कुत्रा अजून आणलेला नसेल तर जरा थांबा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला सहज टेकतो, आणि तरीही इथे हस्की पाळणारी माणसं आहेत. सायबेरियात बर्फावर घसरगाडी ओढणाऱ्या जातीच्या कुत्र्याला राजपुऱ्यातल्या पत्र्याखाली बांधायचं आणि 'हा काही खातच नाही हो' म्हणत डॉक्टरांकडे जायचं, हा आहाराचा प्रश्न नव्हे. गावठी पिल्लू घ्या. त्याच्या पूर्वजांनी तापीकाठी फारुकी पाहिले, मोगल पाहिले, शिंद्यांची शिबंदी पाहिली, आणि सगळ्यांच्या पंगतीचं उष्टं पचवलं.

नाव जपून ठेवा

नवशिक्यांना वाटतं, आहार वजनावरून आणि वयावरून ठरतो. ते पुस्तकात. घरात तो नावावरून ठरतो. एकाच कुत्रीची दोन पिल्लं घ्या. एक इतवाऱ्यात गेलं, त्याचं नाव मोती पडलं. दुसरं लालबागेत गेलं, ते ब्रुनो झालं. मोतीला ताकात कुस्करलेली ज्वारीची भाकरी मिळते आणि ती तो भांड्यासकट ढकलत अंगणभर फिरून खातो. ब्रुनोला पिशवीतलं खाणं मिळतं, पिशवीवर गाजर, मटार आणि भाजलेल्या कोंबडीचं चित्र असतं, आणि ब्रुनोच्या घरचे 'याला भाकरी चालत नाही' असं अभिमानाने सांगतात. चालते. मागच्या दाराने मोलकरीण देते तेव्हा तर फारच छान चालते.

इथे पुण्याहून किंवा इंदूरहून एखादा भाचा फोन करतो. त्याने व्हिडिओ पाहिलेला असतो. 'मामा, कुत्रा म्हणजे लांडगा. त्याला कच्चं मांसच पाहिजे.' भाच्याला नम्रपणे सांगा की २०१३ मध्ये शास्त्रज्ञांनी लांडग्याची आणि कुत्र्याची जनुकं ताडून पाहिली, तेव्हा पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात जेमतेम दोनच प्रती निघाल्या आणि कुत्र्यात त्याच्या कितीतरी पट. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर काढल्याचं हे बक्षीस. म्हणजे मोतीला भाकरी पचते. फक्त भाकरीवर तो धडधाकट राहत नाही, हा मुद्दा वेगळा, आणि तो भाच्यालाही ठाऊक नसतो आणि आजींनाही.

परंपरेचं काय करायचं

आपल्याकडे कुत्र्याला खाऊ घालणं हा धर्म आहे, छंद नव्हे. पितृपक्षात गाईचा घास, कावळ्याचा घास, तसा कुत्र्याचाही घास काढतात. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली असतात. आणि नामदेवांची गोष्ट तर प्रत्येक आजीला पाठ : कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, देवा, कोरडी खाऊ नकोस म्हणून. नामदेवांचा भाव निर्मळ होता, आणि तो प्रसंगही गोष्टीत एकदाच घडतो. घरोघरचे भक्त मात्र भाव बाजूला ठेवून नुसती वाटी घेऊन धावतात, आणि दिवसातून दोनदा. एकदम भरपूर तुपकट खाल्लं की कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. मग तो उलट्या करतो, पाठ कमानीसारखी करून कोपऱ्यात उभा राहतो, आणि आजी म्हणतात, 'दृष्ट लागली.'

शनिवारचा प्रश्न जरा नाजूक आहे. साडेसातीवर उपाय म्हणून काळ्या कुत्र्याला तेल लावलेली पोळी घालतात. गल्लीत काळा कुत्रा एकच असेल तर शनिवारी अख्ख्या गल्लीची साडेसाती त्याच्या पोटात जाते. तो तुमचा असेल तर शुक्रवारी रात्रीच त्याचं जेवण अर्धं करा आणि सकाळी दार लावून घ्या. पुण्य करायला येणारी मंडळी कडी वाजवतात. उघडू नका.

शाही पद्धत

काही जणांना थाट हवा असतो. शहरच तसं आहे आपलं, चालता चालता हमामाला ठेच लागते. त्यांच्या माहितीसाठी : अकबराने १६०१ मध्ये आपला आसीरगड घेतला, त्याच अकबराच्या कारभाराचा तपशील अबुल फजलने 'आईने अकबरी'त लिहून ठेवला आहे, आणि त्यात कुत्र्यांचा शिधासुद्धा आहे. खाशा शिकारी कुत्र्याला रोज दोन शेर मांस, बाकीच्यांना दीड शेर. अकबरी शेर आजच्या साधारण सहाशे-सव्वासहाशे ग्रॅमचा, म्हणजे खाशाला सव्वा किलोच्या आसपास. तो दिवसभर हरणामागे पळायचा. तुमचा दिवसभर सोफ्यावर असतो आणि कुरियरवाला आला तरच उठतो, तेव्हा हे प्रमाण उचलू नका.

उचलण्यासारखी गोष्ट पुढच्या ओळीत आहे. दर दोन कुत्र्यांमागे एक राखण्या, पगारी. म्हणजे आज किती घातलं, कधी घातलं, पोट कसं आहे, हे विचारायचं झालं तर बोट दाखवायला एक माणूस होता. आपल्या घरात असा माणूस नसतो. आपल्याकडे सकाळी बाबा बिस्किट देतात, आई पोळीचा कडेचा तुकडा देते, मुलगा डब्यातलं उरलेलं सँडविच देतो, आजी सगळ्यांच्या नंतर 'याला कुणी काहीच घातलं नाही वाटतं' म्हणून दूधभाकरी देतात, आणि मग संध्याकाळी ठरलेलं जेवण न खाणाऱ्या कुत्र्याची काळजी घरभर पसरते.

अकबराच्या मुलाने ही शिस्त कशी मोडली तेही ऐका. इंग्लंडच्या राजाचा वकील टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये आपल्या बऱ्हाणपुरात आला, शहजादा परवेजला भेटला आणि पुढे अजमेरला जहांगीरकडे गेला. रोच्या पदरी पुढे एडवर्ड टेरी नावाचा पाद्री होता. त्याने लिहून ठेवलंय की इंग्लंडहून आलेल्या दोन मॅस्टिफ कुत्र्यांवर बादशहा इतका खूश झाला की प्रत्येकाला चार-चार नोकर दिले, कुत्री पालखीत बसवली, माश्या वारायला पंखेवाले ठेवले, आणि स्वतःच्या हाताने भरवता यावं म्हणून चांदीचा चिमटा घडवून घेतला. चार नोकर असून उपयोग काय? भरवायला खुद्द बादशहा बसला, तर राखण्याने कुणाकडे तक्रार करायची? तुमच्या घरातला बादशहा कोण हे आत्ताच ओळखून ठेवा. बहुधा त्यांच्या हातात जपमाळ असते आणि पदराखाली ग्लुकोज बिस्किटाचा पुडा.

स्वयंपाकघराची पाहणी

आता खान्देशी स्वयंपाकघरात उभे राहा आणि कांदा शोधा. शोधावा लागणार नाही. वांग्याच्या भरतात कांदा, शेवभाजीच्या काळ्या मसाल्यात भाजलेला कांदा, वर लसूण, त्यावर पुन्हा लसूण. कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. कच्चा, शिजवलेला, वाळवून पूड केलेला, सगळा सारखाच. परिणाम लगेच दिसत नाही, दोन-चार दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते. तोवर घरात कुणालाच आठवत नाही की शेवभाजीचं पातेलं कुणी त्याच्यासमोर 'चाटून घे' म्हणून ठेवलं होतं.

कांदा-लसूण वर्ज्य असलेलं शेजारी घर, जैन म्हणा, स्वामिनारायणी म्हणा, म्हणूनच कुत्र्याच्या दृष्टीने मोठी सोय आहे. त्यांच्याकडची मुगाची खिचडी डोळे झाकून घ्या. फक्त वर मनुका पेरलेला शिरा आला तर परत करा. मनुका, बेदाणे, द्राक्षं यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, आणि किती खाल्ली म्हणजे धोका, याचा भरवसा देता येत नाही. एका कुत्र्याला मूठभर पचतात, दुसऱ्याला थोडीही बाधतात. चॉकलेट नको. साखर नसलेल्या च्युइंगमात आणि काही टूथपेस्टमध्ये झायलिटॉल नावाची गोडी असते, ती तर अर्ध्या तासात रक्तातली साखर पाडते. दारूबद्दल सांगायची गरज नसावी, पण लग्नाच्या वरातीत काही मामे सापडतात म्हणून सांगितलं.

मटणवाल्याकडचा विषय. तो ओळखीचा असतो, आणि 'कुत्र्यासाठी' म्हटलं की बाजूला काढलेलं देतो. कलेजी थोडीच घाला, रोज वाडगाभर घातली तर अ जीवनसत्त्व अंगावर येतं. शिजवलेलं हाड घालू नका. शिजलं की ते ठिसूळ होतं, चावल्यावर त्याच्या सुया होतात. रविवारी तंगडी खाऊन झाल्यावर ताटातली हाडं मोठ्या प्रेमाने खाली सोडणारे काका प्रत्येक कुटुंबात असतात, त्यांच्या ताटाजवळ बादली ठेवा.

राहिलं गोड. मावा जिलबी, तुपात-साखरेत घोटलेला दराबा. इथे नियम सोपा : कुत्र्याला शून्य. कुणी विचारलं तर डॉक्टरांनी सांगितलंय म्हणा. स्वतःचं नाव घेतलंत तर वाद होईल.

केळं, एक स्वतंत्र प्रकरण

बऱ्हाणपूर जिल्ह्यात केळ्याशिवाय कुठलंही प्रकरण पूर्ण होत नाही. लोक विचारतात, चालतं का? चालतं. सोललेलं. साल गिळली तर आतड्यात अडकू शकते, आणि शेतातून घड आणणाऱ्या घरातली कुत्री सालीसकटच शिकतात. पण हिशेब करा. मध्यम केळं म्हणजे साधारण शंभर कॅलरी. पंचवीस किलोचा, नसबंदी झालेला, सोफ्यावरचा लॅब्रॅडोर दिवसाला अकराशे ते साडेबाराशे कॅलरीत भागतो. जेवणाबाहेरचं खाणं दहा टक्क्यांच्या वर जाऊ नये असं पशुवैद्य सांगतात. म्हणजे एक केळं दिलं की त्या दिवसाचा वरखर्च संपला. बाबांचं बिस्किट नाही, आईचा तुकडा नाही. एक ग्लुकोज बिस्किट पंचवीस कॅलरीच्या आसपास असतं. सकाळच्या चहाला चार बिस्किटं देणाऱ्या बाबांनी कुत्र्याला केळंच दिलं, फक्त त्यांना ते माहीत नाही.

आता ती वही काढा. ती भांड्याशेजारी दोरीने बांधा, पेन्सिलीसकट. जो घालेल तो लिहील : वेळ, पदार्थ, किती. पहिल्या दिवशी सगळे लिहितात. दुसऱ्या दिवशी एकाच अक्षरात सगळ्यांचं येतं. तिसऱ्या दिवशी आजींच्या नावापुढे 'काही नाही' असतं आणि कुत्र्याच्या मिशीला साय.

पिशवीवरचं वाचन

पिशवीतलं खाणं घेणार असाल तर चित्र पाहू नका, मागे पाहा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. पहिल्या जागी मका किंवा तांदूळ असेल आणि कोंबडी खूप खाली, तर पुढची भाजलेली कोंबडी ही कलाकाराची कृपा. मग प्रथिनांचा आकडा. इथे दुकानदार हमखास गोंधळ घालतो. कोरड्या दाण्यांवर २२ टक्के लिहिलेलं असतं आणि ओल्या पाकिटावर ८, मग तो म्हणतो, 'भैया, दाणेवालं घ्या, ताकद जास्त.' ओल्या पाकिटात ऐंशी टक्के पाणीच आहे. पाणी वगळलं तर त्याचे ८ हे ४० होतात, आणि दाण्यांचे २२ सुमारे साडेचोवीस. पिल्लाचं खाणं वेगळं, मोठ्याचं वेगळं, आणि मोठ्या जातीच्या पिल्लाचं आणखी वेगळं. त्याला वरून कॅल्शियमची पावडर ओतू नका. पायांची हाडं वाकडी होतात, आणि पाय वाकडे दिसले की घरचे आणखी पावडर ओततात.

घरचंच घालणार असाल तर भाकरी, पोळी किंवा भात हा पाया ठेवा, पण कमी. सोबत शिजवलेली कोंबडी किंवा अंडं, बिनमसाल्याचं, आणि थोडा लाल भोपळा, गाजर किंवा दुधी. गोम कॅल्शियमची आहे. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, त्यामुळे घरच्या जेवणात ते वेगळं घालावं लागतं. किती, ते वजन पाहून डॉक्टर सांगतील. एवढं एक विचारायला गेलात तरी फी वसूल. निव्वळ दूध-पोळी हा आपल्या सगळ्यांचा आवडता बेत कुत्र्याच्या पोटाला फारसा मानवत नाही. आईचं दूध सुटलं की बऱ्याच कुत्र्यांना दुधातली साखर पचेनाशी होते, आणि मग सकाळी अंगण कुणी धुवायचं यावर नवा वाद. दही त्यापेक्षा सोसतं. घर शाकाहारी असेल तर पनीर, दही, डाळी यांवर कुत्रा राहू शकतो, पण अंदाजाने नाही, त्यासाठी शाकाहारी म्हणूनच नीट बांधलेलं तयार खाणं घ्या. अंडं शाकाहारी की मांसाहारी हा घरातला जुना वाद कुत्र्याच्या भांड्यावरून पुन्हा उकरू नका.

एका खाण्यावरून दुसऱ्यावर जायचं ते आठवडाभरात, हळूहळू मिसळत. उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री घाला, दुपारी नुसतं पाणी, सावलीत, दोन ठिकाणी. भर उन्हात कुत्र्याने जेवण नाकारलं तर तो शहाणा आहे. त्याच्यामागे ताट घेऊन फिरू नका. एकादशीला घरची दुप्पट खाशी झाली तरी त्याला उपास नाही आणि फराळही नाही.

वजन

बरगड्यांवर हात फिरवा. दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. वरून पाहिलं तर कंबर आत गेलेली दिसली पाहिजे. आपल्याकडे असा कुत्रा पाहिला की शेजारच्या भाभी जिन्यातूनच विचारतात, 'अहो, खायला घालता ना याला?' उत्तर देऊ नका, हसा. त्या रात्री वाटी घेऊन येतील, ती घ्या, तुम्हीच खा, धुऊन परत करा.

महिन्यातून एकदा वजन करा. लहान कुत्रा असेल तर त्याला उचलून स्वतः काट्यावर उभे राहा, मग एकटे उभे राहा आणि वजाबाकी करा. या कामाला घरातून स्वयंसेवक मिळत नाहीत, कारण वजाबाकी करताना दुसरा आकडाही मोठ्याने वाचावा लागतो. पंचवीस-तीस किलोचं धूड उचलणं शक्य नसेल तर दवाखान्यातल्या काट्यावर न्या. लोक त्याला भंगारवाल्याच्या काट्यावर नेतात, जवळ पडतो म्हणून. नेऊ नका. तो काटा रद्दी तोलायचा आहे, कधीच पूर्ण दाखवत नाही. पाच किलो कमी भरले असं कळलं की घरी पोचायच्या आधी आजींनी तवा ठेवलेला असतो.